नव्या डब्याला जुनं माप

ही हकीकत मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे, पण खरी कधीच सांगितली नाही. "एका गावात असं घडलं होतं बरं का," अशी सुरुवात करायची, गाव लांबच्या जिल्ह्यातलं ठेवायचं, प्रशिक्षक दुसराच कुणीतरी करायचा आणि शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहायची, अशी माझी पद्धत होती. समोरच्या बायका माना डोलवायच्या. एखादी विचारायची, "मग त्या सरांचं काय झालं वो?" मी म्हणायचो, "बदली झाली." बदली कुणाचीच झाली नव्हती. ते सर खडू हातात घेऊन त्यांच्यासमोरच उभे असायचे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग पुन्हा फोन करून हो म्हणालो. गमतीही लिहितो, कारण त्या खऱ्याच घडल्या. पण लिहायला बसलो आहे तो गमतींसाठी नाही.

माझं काम फळप्रक्रिया शिकवण्याचं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या खेड्यांत जायचं, बचत गटाच्या बायकांना गोळा करायचं आणि सरबत, जॅम, सॉस, लोणचं टिकाऊ कसं करायचं ते दाखवायचं. खांद्याला पिशवी, पिशवीत तापमापक, साखरेचं प्रमाण बघायची नळी, दोन चमचे आणि पांढऱ्या पावडरीचा एक डबा. एसटीच्या कंडक्टरांना मी 'सरबतवाले सर' म्हणून माहीत होतो. सख्ख्या मेहुण्यालाही माझी नोकरी शेवटपर्यंत कळली नाही. तो लोकांना सांगायचा, "आमचे दाजी सरकारात मोरंबा करतात."

त्या पांढऱ्या पावडरीबद्दल आधी सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे. तिचं पूर्ण नाव पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आम्ही केएमएस म्हणायचो, बायका 'वासाची पावडर' म्हणायच्या. दिसायला बारीक साखरेसारखी. डबा उघडला की काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात झणका बसतो तसा वास येतो. लिंबाच्या किंवा द्राक्षाच्या आंबट रसात ती घातली की तिच्यातून एक वायू सुटतो, आणि तो वायू रस आंबवणाऱ्या जंतूंना डोकं वर काढू देत नाही. रसाचा रंगही काळवंडत नाही. प्रमाण अगदी थोडं, लिटरभर सरबताला चिमटीपेक्षाही कमी. तेवढी घातली, बाटली नीट उकळून घेतलेली असली आणि साखर बेताची असली, तर सरबत वर्षभर राहतं. बाजारातल्या बहुतेक सरबतांच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत हिचं नाव असतं. वाचत कुणी नाही.

"केमिकल नको" म्हणणारे लोक मला नोकरीभर भेटले. तासगावकडचे एक बागायतदार त्यांतलेच. पावसानं तडकलेल्या द्राक्षांचा त्यांनी घरीच रस काढला, बाटल्या भरल्या, बुचं ठोकून बसवली आणि माळ्यावर ठेवल्या. मी पावडर घालायला सांगितली तर म्हणाले, "सर, आमच्या मळ्यातला माल हाय. त्येला औषध कशाला?" महिन्याभरानं त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि माळ्यावरची पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग ओळीनं सगळ्याच. मुलाचे काका फौजेतून आलेले. ते चटकन कॉटखाली गेले आणि तिथून ओरडले, "खाली झोपा सगळे!" पाहुण्यांच्या टोप्यांवरून आंबलेला रस ओघळत होता. लग्न मात्र जमलं. काका म्हणाले म्हणे, की एवढ्या गोळीबारात पोरीच्या हातातला ट्रे हलला नाही, हीच सून करा.

शिराळ्याचे एक निवृत्त तलाठी उलट्या तऱ्हेचे. त्यांना पावडरीचं एवढं प्रेम जडलं की ते दिसेल त्या रसात ती घालू लागले. आमच्या शिकवणीत दुसऱ्या दिवशीचा धडा असा असतो की जांभूळ, कोकम, करवंद अशा तांबड्या-जांभळ्या रसांत ही पावडर घालायची नाही, ती रंग मारते. त्यांना वेगळं औषध असतं. तलाठीसाहेब पहिल्या दिवशी आले आणि दुसऱ्या दिवशी एका बारशाला गेले. पुढच्या खेपेला ते बाटली घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. आत तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी होतं.

"सर, ह्यातलं जांभूळ कुणी नेलं?"

"तुम्हीच नेलंत," मी म्हणालो. "बारशाला."

असे हे दिवस होते. मला काम आवडायचं. बाईच्या हातानं बनलेली पहिली बाटली तिनं उजेडात धरून बघितली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला मी दिवसाला तीन गाड्या बदलत होतो. हे खोटं नाही. पुढे जे सांगणार आहे त्यानं हे खोटं ठरत नाही, असं मला वाटतं. वाचणाऱ्यांनी ठरवावं.

वडूजच्या अलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथं आल्याचं पीक बरं येतं, आणि आलं-लिंबू सरबताचा गट काढायचं ठरलं. गटात सगळ्यांत चलाख होती रेहाना मुलाणी. तिशीतली, बोलण्यात तयार, हाताला अतिशय स्वच्छ. तिचे पती दस्तगीर सायकल-मोटारसायकल दुरुस्त करायचे. त्यांना बायकोनं गटात जाणं पसंत नव्हतं. मी स्वतः त्यांच्या दुकानात बसून त्यांची समजूत घातली. पंक्चर काढता काढता ते शेवटी म्हणाले, "तुमी हायसा म्हणून सोडतो, सर." हे वाक्य मी तेव्हा अभिमानानं ऐकलं होतं.

गटाला जागा दिली सुभेदारांनी. आनंदराव सुभेदार, फौजेतून निवृत्त, सत्तरीचे, मिशा अजून परेडवरच्या. त्यांना जुना दमा होता, खिशात पंप असायचा. त्यांची एक खोली रिकामी होती ती त्यांनी बायकांना उघडून दिली आणि पुतण्याला, विलासला, सांगितलं, "हितं आता बायकांची पलटण. तू आत पाय टाकायचा न्हाई." विलासला त्या खोलीत खताच्या गोण्या ठेवायच्या होत्या. तो राग त्यानं मनात ठेवला.

आता माझी चूक. ती दोन भागांत आहे.

पहिला भाग साधा हलगर्जीपणा. आमच्या ऑफिसात केएमएसचा मोठा डबा असायचा. त्यातून लहान डब्यांत भरून मी गावोगाव न्यायचो. त्या पावसाळ्यात त्या डब्याचं झाकण माझ्या हातून नीट बसलं नाही आणि डबा तसाच कपाटात राहिला. ही पावडर हवा आणि ओल लागली की दम सोडते. गणपतीनंतर उघडली तर खडे झालेले आणि वास निम्माही नाही. नियमानं तो माल फेकायचा आणि नवा मागवायचा. म्हणजे साहेबांपुढे उभं राहून झाकण कुणी उघडं ठेवलं ते सांगायचं. मी ते केलं नाही. खडे फोडले, चाळून घेतले आणि रेहानाताईंच्या गटासकट गावोगाव सांगत सुटलो, "ह्या खेपेची पावडर जरा सौम्य आहे. माप दुप्पट करा. पातेल्याला एक सपाट चमचा घालत होता तिथं दोन घाला."

सरबतं टिकली. कुणाला काही झालं नाही. मला वाटलं, जमलं.

दुसरा भाग वडूजच्या एसटी स्टँडवरचा. थंडी सुरू झाली होती. नवा माल आला होता, ताजा, सीलबंद, उघडताक्षणी डोळ्यांत पाणी आणणारा. रेहानाताईंच्या गटाला डबा द्यायचा होता, पण मला पुढच्या गावी जायचं होतं, म्हणून त्यांना स्टँडवरच बोलावलं होतं. दस्तगीरभाईंच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या आल्या. मी गाडीत खिडकीशी बसलेलो, आणि शेजारी आमचे साहेब, जिल्ह्याच्या पाहणीला निघालेले. मी खिडकीतून डबा दिला.

"नवा हाय व्हय सर?"

"नवा. सील फोडलेलं नाही."

त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि विचारलं, "माप तेच का?"

त्या बाईंनी विचारलं. हे मला लिहायचंच होतं. इतकी वर्षं मी ते स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्यांनी गृहीत धरलं नाही, विसरल्या नाहीत, स्पष्ट विचारलं.

मी 'आता एकच चमचा' म्हणालो असतो, तर साहेबांनी विचारलं असतं, आधी दोन कशाला? मग ओल, झाकण, चाळलेले खडे, सगळं निघालं असतं.

मी म्हणालो, "तेच."

गाडी हलली. साहेब म्हणाले, "हुशार दिसतात बाई." मी हो म्हणालो. संध्याकाळी फोन करून सांगू असं मनाशी ठरवलं. फोन दस्तगीरभाईंचा, त्यांना काय सांगायचं, उगीच घोळ, असं करत तो दिवस गेला. मग मनात हिशेब केला की दुप्पट पडली तरी माणूस काही मरत नाही, वास जरा उग्र येईल, पुढच्या खेपेला समक्ष सांगू. धडधाकट माणसाचा विचार केला तर तो हिशेब फारसा चुकीचाही नव्हता. पण पावडर धडधाकट माणसं निवडून पोटात जात नाही.

प्रजासत्ताक दिनाला गटाच्या मालाचं उद्घाटन ठेवलं होतं. शाळेच्या पटांगणात सुभेदारांच्या हस्ते झेंडा झाला. मग टेबलावर बाटल्या मांडल्या, लेबलावर गटाचं नाव, बायका नव्या साड्यांत. मी खुर्चीवर, शाल पांघरून.

इथं आमच्याकडच्या पाहुणचाराची एक गोष्ट सांगायला हवी. बाटलीतलं सरबत हा अर्क असतो. एका भागाला तीन-चार भाग पाणी घालून प्यायचं. पण आमच्याकडे मानाच्या माणसाला पातळ द्यायचं नसतं. पातळ ताक, पातळ आमटी, पातळ सरबत पुढे केलं की घरात काही कमी आहे की काय, असं दिसतं. मी प्रत्येक वर्गात सांगायचो की पाणी मोजून घाला, आणि प्रत्येक उद्घाटनाला माझ्याच पेल्यात अर्क निम्म्यापर्यंत असायचा. मीही तो कौतुकानं पीत असे.

रेहानाताईंनी सुभेदारांसाठी नवी बाटली त्यांच्यासमोरच फोडली. एक बाई म्हणाली, "अगं, पानी घाल की अजून."

"सुभेदारांना पातळ देऊ व्हय?" रेहानाताई हसून म्हणाल्या. "त्येंनी खोली दिली ती पातळ दिली का?"

सगळे हसले. सुभेदारांनी पेला नाकाशी नेला, मिशा वर केल्या आणि म्हणाले, "रेहाना, दारूगोळ्याचा वास येतोय की गं!" पुन्हा हशा. त्यांनी तीन घोटांत पेला संपवला.

वास माझ्यापर्यंत आला होता. मला त्याच क्षणी कळलं. मी उठून 'थांबा' म्हणायला हवं होतं. आणि मी अर्धा उठलोही. पण पेला रिकामा झाला होता.

आधी खोकला आला. मग खोकला थांबला आणि श्वासच जाईना. छातीतून शिट्टीसारखा आवाज. पंप खिशात नव्हता, झेंड्यासाठी कडक इस्त्रीचा कोट घातलेला, पंप घरच्या सदऱ्यात. ओठ निळे पडायला लागले. विलासनं जीप आणली, आम्ही त्यांना मागे झोपवलं, आणि वडूजच्या दवाखान्यापर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. एक गोष्ट मी केली. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की सरबतात सल्फाइट आहे. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." दम्याच्या काही लोकांना ते अजिबात सोसत नाही, त्याच्या वायूनं श्वासनळ्या आवळतात, असं त्यांनी मला समजावलं. मी त्या पावडरीवर अर्धं आयुष्य व्याख्यानं दिली होती आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नव्हतं. किती घातलंय ते मात्र मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

सुभेदार वाचले. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, आणि दोन दिवसांत ते परिचारिकांना 'सावधान' शिकवू लागले.

गाव मात्र बिथरलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. विलास बोलायला उभा राहिला. "मी पयल्यापास्नं सांगत हुतो, ही असली कामं कुनाच्या हातात द्यायची त्ये बघून द्यावं." त्यानं 'कुनाच्या' हा शब्द असा उच्चारला की पुढचं सगळ्यांना कळलं. दस्तगीरभाई खांबाशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मागून कुणी म्हणालं, "मुलाणीनं काय घातलं त्यात, इचारा की." मग सरपंच माझ्याकडे वळले.

"सर, तुमी सांगा. माप तुमी काय दिलं हुतं?"

आमच्या संस्थेचं एक छापील पत्रक असतं. त्यात प्रमाण दिलेलं असतं, योग्य प्रमाण. मी पिशवीतून पत्रक काढलं आणि म्हणालो, "प्रमाण इथं छापलेलं आहे. पातेल्याला एक सपाट चमचा. आम्ही हेच शिकवतो."

यात एकही शब्द खोटा नव्हता. इतक्या चतुराईनं खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यांनी रेहानाताईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. वर्गात एखादी गोष्ट कळली नाही की त्या कपाळाला आठी घालून बघायच्या, तसं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, 'सर, तुमीच दोन सांगितलं हुतं. स्टँडवर इचारलं तवा बी तेच म्हनला.' मी तयारी करत होतो. काय उत्तर द्यायचं तेही जुळवत होतो, हे लिहायची लाज वाटते.

त्या म्हणाल्या, "माझा हात जास्त पडला असंल."

बस. गट बंद झाला. बाटल्या ओढ्यात ओतल्या. सुभेदार घरी आल्यावर गावभर सांगत फिरले, "दमा माझा हाय. डॉक्टर म्हनला, मला ती पावडर थोडीबी चालत न्हाई. पोरीला कशाला बोल लावता?" पण गावात तोवर नाव पडलं होतं. कुणाच्या घरी लग्नात हातभार लावायला रेहानाताई गेल्या तर बायका हसत हसत म्हणायच्या, "तू मिठाच्या डब्याकडं जाऊ नगंस गं, तुझा हात जड." हसत हसत म्हटलेलं जास्त टिकतं. पुढच्या द्राक्ष हंगामात मुलाणी कुटुंब तासगावला गेलं. दस्तगीरभाईंनी तिथं गॅरेज टाकलं, त्या बेदाण्याच्या शेडवर निवडणीच्या कामाला लागल्या. हे मला सुभेदारांनी सांगितलं. मी त्यांना भेटायला गेलो होतो, खरं सांगायच्या इराद्यानं गेलो होतो, आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी करून परत आलो.

त्यानंतर मी शिकवणं बदललं. वर्गाचा पहिला प्रश्न हाच, घरात दमा कुणाला आहे? लेबलावर पावडरीचं नाव मोठ्या अक्षरांत, मराठीत. उघडल्यानंतर खडे झालेला माल फेकून द्यायचा, चाळायचा नाही. मानाचा पाहुणा असला तरी पाणी घालायचं. बायका हसायच्या, पण ऐकायच्या. कितीतरी गटांनी ते नियम भिंतीवर लावले. त्यातून कुणाचा तरी जीव वाचला असेल, असं मला वाटतं, आणि त्या विचारानं मला झोप लागते. पण ते नियम ज्या बाईच्या बदनामीतून शिकलो तिचं नाव मी कधी घेतलं नाही.

निवृत्तीनंतर मी सांगलीत राहतो. यंदा उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तासगावला एका ताईंचा बेदाण्याचा लय चांगला धंदा हाय, चला दाखवते." कुणाचा ते मी विचारलं नाही. रस्त्याच्या कडेला पत्र्याची स्वच्छ शेड, आत दहा-बारा बायका, जाळ्यांवर पसरलेला हिरवा बेदाणा, एका बाजूला द्राक्षाच्या सरबताच्या बाटल्या. आणि मधोमध रेहानाताई, केस पांढरे झालेले, चष्मा कपाळावर.

"आवं, सर!" त्या जाळ्या ओलांडून आल्या. "कवा आलासा? बसा की. ए, खुर्ची आणा गं. ह्येच माझं सर. मला चमचा धरायला ह्येंनी शिकवलं."

बायका माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या. मला उठून पळावंसं वाटत होतं.

त्यांनी सगळं दाखवलं. गंधकाची धुरी, म्हणजे तोच वायू, न दिलेला काळा मनुका वेगळा ठेवलेला, दम्याच्या गिऱ्हाइकांसाठी. सुभेदार अजून तोच मागवतात. नव्वदीला टेकले आहेत. मागच्या ईदला नातवाच्या गाडीतून आले होते, दारातूनच ओरडले म्हणे, "रेहाना, आज सरबत दे, पंप दोन आनलेत!" सांगताना त्यांना हसू आवरेना. "मी म्हनलं, शिरखुर्मा खा आन गप बसा."

मग त्या सहज म्हणाल्या, "गावाकडच्या बायका आता परत गट काढायच्या म्हनत्यात. मला शिकवायला बोलावलंय, दिवाळी झाल्यावर."

"जा," मी म्हणालो. "नक्की जा."

"जायचंय की. पर काही म्हाताऱ्या म्हनत्यात, हिचा हात जड हाय, हिला नगो. आन इलास आता सरपंच हाय." त्यांनी खांदे उडवले. "बघू. माझी लेक म्हनती, अम्मी, कशाला जाती तिथं. पर माझं गाव हाय त्ये सर. मला माझ्या गावात शिकवायचंय."

तेवढ्यात एक नवी मुलगी सरबताच्या टेबलाशी पावडरीचा डबा उघडत होती. रेहानाताईंनी तिकडे न बघताच हाक मारली, "डबा नवा हाय न्हवं? मग आदीचं माप इसर. आदी मला इचार, मग घाल."

"व्हय ताई."

"आन मी बी इसरले तर परत इचार. लाजू नगंस."

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. पण मला कळलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्या दिवशी व्हरांड्यातच कळलं होतं, की नंतर कधी, ते मी सांगू शकत नाही. कपाळाची ती आठी प्रश्नाची नव्हती.

मी म्हणालो, "रेहानाताई, त्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत."

त्यांनी जाळीतले देठ निवडता निवडता उत्तर दिलं. "तुमच्या शब्दावर ह्येंनी मला उंबऱ्याभायेर सोडलं हुतं. तिथं तुमाला खोटं पाडलं असतं तर आजूबाजूच्या गावांतल्या कुठल्याच बाप्यानं पुन्हा बायकूला सोडलं नसतं. गट आमचा एकट्याचा बुडाला, बाकी गावांतलं तरी ऱ्हायलं." मग हसल्या. "आन तुमी काय कमी घाबरला हुता व्हय? पत्रक उलटं धरलं हुतं."

मी तोंड उघडलं. त्याच वेळी कुणीतरी चहा आणला, मग पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, मग बायकांना माझ्याबरोबर फोटो काढायचा होता. फोटोत मी मधोमध आहे, सत्काराला आल्यासारखा. निघताना त्यांनी मनुक्याचं पाकीट हातात ठेवलं. मी म्हणालो, "वेष्टन छान केलंय." चाळीस वर्षं लोकांना बोलून शिकवणारा माणूस, तिथं त्याला वेष्टनच दिसलं.

म्हणून इथं लिहितो. हा अंक त्या गावच्या वाचनालयात दरवर्षी जातो, हे मला ठाऊक आहे. सरपंच विलासरावांनी तो वाचावा, म्हाताऱ्यांना वाचून दाखवावा. त्या गटानं रेहाना मुलाणींकडून शिकावं. वासाच्या पावडरीचं त्यांच्याइतकं जपून काम करणारं माणूस दोन्ही जिल्ह्यांत मला माहीत नाही. कुणाला शंका असेल तर मी जिवंत आहे, येऊन समक्ष सांगेन.

आणि रेहानाताई, तासगावच्या शेडमध्ये चहाचा कप हातात घेऊन मला जे म्हणायचं होतं ते असं. दोन चमचे मी सांगितले होते. स्टँडवर तुम्ही विचारलंत तेव्हा साहेबांच्या भीतीनं मी खोटं उत्तर दिलं. व्हरांड्यात मला खरं बोलायची पुन्हा संधी मिळाली होती, आणि मी तुम्हाला एकटीला सोडलं. मला माफ करा, असं तिथंच म्हणायचं होतं, आणि म्हटलं नाही.